लेकीच्या बँडसाठी ॲनिमेतली तीन गाणी कशी निवडावीत?

एदोगावाकाठी | १४ जून, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.

आम्ही तोक्योच्या एदोगावा भागात राहतो. लेक इथल्या हायस्कूलमध्ये तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या वर्षाला आहे. शाळेच्या केइऑनबूत (बँडवाल्या मुलांचा क्लब) ती बास गिटार वाजवते. सप्टेंबरात बुन्कासाइ आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आपल्याकडच्या गॅदरिंगसारखाच हा प्रकार, फक्त सगळा कारभार मुलांच्या हातात. वर्गावर्गात याकिसोबाचे (परतलेल्या नूडल्सचे) स्टॉल, भुताची घरं, नाटकं, आणि जिममधल्या (शाळेच्या क्रीडागृहातल्या) स्टेजवर बँड. बुन्कासाइ झाली की तिसऱ्या वर्षाची मुलं क्लबमधून निवृत्त होतात आणि विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेला लागतात. त्यामुळे लेकीच्या बँडचं हे शेवटचं वाजवणं.

बँडमध्ये पाच जण आहेत. गाणारी, गिटारवाला, लेक, कीबोर्डवाली (लहानपणापासून पियानो शिकलेली) आणि ड्रमवाली. जुना ड्रमर मार्चमध्ये शाळा संपवून गेला. आताची ड्रमवाली पहिल्या वर्षाची आहे, एप्रिलमध्ये तिने काड्या पहिल्यांदा हातात घेतल्या.

वेळ १५ मिनिटं, चढण्या-उतरण्यासकट. म्हणजे तीन गाणी. तिन्ही ॲनिमेतली (जपानी कार्टून मालिकांतली) घ्यायची एवढ्यावरच एकमत आहे. गाणाऱ्या मुलीला योआसोबीचं 'आयडॉल' हवंय, गिटारवाल्याला 'गॉड नोज', आणि लेकीला 'हारुका कानाता', कारण ते बासवर सुरू होतं. काल तिघं एकमेकांशी न बोलता घरी गेले. लेक जेवली नाही.

मला स्वरांचं थोडं कळतं, बँडचं काही कळत नाही. इथे वाजवणारे आणि ॲनिमे बघणारे दोन्ही लोक आहेत, म्हणून विचारतेय.

---

रात्रपाळी | १४ जून, रात्री ११:०५

धागा वाचून झोप उडाली! ठाण्यात बसून 'नारुतो' बघत मोठा झालेला माणूस आहे मी. 'हारुका कानाता' म्हणजे त्यातलं दुसरं ओपनिंग (मालिकेच्या सुरुवातीचं गाणं), एशियन कुंग-फू जनरेशन या बँडचं. सुरुवातीला बास एकटाच गुरगुरतो, मग सगळे तुटून पडतात. लेकीची निवड एक नंबर आहे, ताई.

'गॉड नोज' का हवंय तेही कळतं. २००६ च्या 'हारुही सुझुमिया' या ॲनिमेत बुन्कासाइचाच प्रसंग आहे. एका बँडला ऐनवेळी वाजवता येत नाही, आणि हारुही नि नागातो त्यांच्या जागी स्टेजवर जातात. बाहेर पाऊस, हळूहळू भरत जाणारी जिम, गाताना मानेच्या शिरा ताणलेली हारुही. जपानमधल्या कुठल्याही हायस्कूलच्या गिटारवाल्याला त्या जागी आपण उभं राहावं असं वाटणारच.

---

तबलजी | १५ जून, सकाळी ७:४०

मी नागोयात आहे. तबला शिकलो, आता शनिवार-रविवार हौशी बँडमध्ये ड्रम वाजवतो. तुमच्या पोस्टमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मध्येच दडलंय: ड्रमवालीने एप्रिलमध्ये सुरुवात केली. गाणं तिच्या हातावरून निवडा.

गिटारवाला एखादी जागा चुकला तर ती त्याच्यापुरती चुकते. ड्रम अडखळला तर पाचही जण रस्त्यावर येतात. ठेका धरणारा पक्का हवा, मग वरचे कितीही उड्या मारोत. हे आपल्या भजनी मंडळात जितकं खरं तितकंच रॉक बँडमध्ये.

'हारुका कानाता' बरंच जलद आहे. उजवा हात हाय-हॅटवर (ड्रमच्या जोडझांजांवर) न थांबता चालतो, आणि नवशिक्याचं मनगट दुसऱ्या मिनिटाला दगड होतं. मग लय पडते, किंवा घाबरून वाढते. 'गॉड नोज' मिनिटाला १५० ठोक्यांचं, तेही सोपं नाही. 'आयडॉल' १६६ चं, शिवाय मध्येमध्ये ठेक्याची चालच बदलते.

परीक्षा सोपी आहे. तिला एकटीला बसवा, कानात मूळ गाणं, आणि पूर्ण गाणं न थांबता लागोपाठ तीनदा वाजवायला सांगा. तिसऱ्या वेळेला जे टिकेल ते घ्या.

---

सप्तक | १५ जून, सकाळी ९:१५

तबलजींना अनुमोदन, पण गळाही तितकाच मोजा. माझी मुलगी ओसाकात अशाच क्लबमध्ये गायची, तेव्हा हे सगळं जवळून पाहिलंय.

मूळ गाणं ज्या पट्टीत आहे त्याच पट्टीत म्हणायचा हट्ट मुलं धरतात. स्टुडिओत गायिका एकेक ओळ दहादा गाते. इथे मुलीला दोन गाणी म्हणून झाल्यावर, घामाने भिजलेल्या अवस्थेत, ड्रमच्या आवाजावरून वरचा सूर लावायचाय. त्यामुळे प्रत्येक गाण्यातला सगळ्यात उंच सूर कोणता आणि तो किती वेळा येतो, ते आधी शोधा. एकदा येत असेल तर मारून नेता येतो. प्रत्येक कोरसला येत असेल तर पट्टी उतरवा.

पट्टी उतरवली की गिटारवाला कुरकुरतो, त्याचंही कारण खरं आहे. मोकळ्या तारांवर बेतलेल्या जागा नव्या पट्टीत बसत नाहीत, सगळी बोटं बदलतात. म्हणून हे आत्ता, जूनमध्ये ठरवा. ऑगस्टमध्ये पट्टी बदलली की रडारड होते.

'आयडॉल' माझ्या मते सोडून द्यावं. गाणं अप्रतिम आहे, पण ते संगणकावर रचलेलं आहे. मागचे घोष, बदलत्या पट्ट्या, मधलं रॅप, हे सगळं पाच मुलांनी उभं करायचं म्हणजे निम्मं गाणं गायब होणार. तिला ते कराओकेत म्हणू द्या.

---

निशिगंध | १५ जून, दुपारी १:३०

पुण्यात जपानी शिकवते. आमच्या विद्यार्थ्यांचा एक छोटा गट जपानी कार्यक्रमांत गाणी बसवतो. एक अनुभव सांगते, उपयोगी पडेल.

आम्ही इकिमोनोगाकारी या बँडचं 'ब्लू बर्ड' घेतलं होतं. हेही नारुतोचंच, त्याच्या पुढच्या मालिकेचं, शिप्पूदेनचं, तिसरं ओपनिंग, २००८ चं. त्याला आधी वाद्यांची सुरावट नाही, गाणं थेट आवाजावर सुरू होतं. आमच्या मुलीने घाबरून सूर जवळजवळ एक स्वर वर धरला आणि वाद्यं आली ती मूळ पट्टीत. पुढची पंधरा सेकंदं मी स्टेजच्या कडेला उभी राहून हातातला कागद चुरगाळत होते. ती मुलगी नंतर कितीतरी दिवस गायलीच नाही. चूक तिची नव्हती, मी तिला सूर दिला नव्हता. आता मी कीबोर्डवाल्याला आधीच्या टाळ्यांतच हळूच एक स्वर दाबून ठेवायला सांगते. तुमच्याकडे कीबोर्डवाली आहे, हे सोन्यासारखं. 'गुरेन्गे' ('डीमन स्लेयर'चं ओपनिंग) घेतलंत तरी हेच, तेही आवाजावरच उघडतं.

आणखी एक. लोकांना ॲनिमेचं गाणं दीड मिनिटाचंच ठाऊक असतं, कारण ओपनिंग तेवढंच. पूर्ण गाणं चार मिनिटांचं. दीड मिनिट टाळ्या पडतात, मग दुसरं कडवं सुरू होतं आणि सभागृह एकदम गप्प. आपण काहीतरी चुकलो असं मुलांना वाटतं. त्यांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर एखाद्या गाण्याचं मधलं कडवं कापा.

---

एदोगावाकाठी | १५ जून, रात्री ९:५०

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. लेकीला वाचून दाखवलं, जपानीत समजावून सांगितलं. दुसऱ्या कडव्याच्या शांततेवर ती म्हणाली, "हो, मागच्या वर्षी असंच झालं होतं, आम्हाला वाटलं आवाजच गेला."

तीनदा वाजवायची परीक्षा घेतली. 'गॉड नोज' ड्रमवालीने एकदा पूर्ण केलं, दुसऱ्यांदा मध्येच थांबली. 'हारुका कानाता' एकदाही पूर्ण झालं नाही. लेकीने तिला काही म्हटलं नाही, पण घरी आल्यावर बास पिशवीतून काढलाही नाही.

---

कोबे_कोल्हापूर | १५ जून, रात्री १०:४५

माझा मुलगा बुन्कासाइच्या कार्यकारी समितीत होता, म्हणून दोन गोष्टी.

हक्कांची चिंता कुणी घालत असेल तर: जपानच्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे नफ्याचा हेतू नसेल, प्रेक्षकांकडून पैसे घेतले नसतील आणि वाजवणाऱ्यांना मानधन दिलं नसेल, तर गाणं स्टेजवर वाजवायला परवानगी लागत नाही. तिन्ही अटी एकत्र हव्यात. मात्र ही सूट वाजवण्यापुरती. विकत घेतलेल्या स्वरलिपीच्या पुस्तकाच्या झेरॉक्स पाच जणांत वाटणं त्यात बसत नाही. व्हिडिओ नेटवर टाकणं हा तर वेगळाच विषय, त्यात इतर मुलांचे चेहरेही येतात. आधी शाळेला विचारा.

दुसरं म्हणजे जिम. लाकडी जमीन, उंच छत, उघड्या भिंती. आवाज आपटून परत येतो आणि जलद गाण्याचा काला होतो. बासचा खालचा आवाज सगळ्यात जास्त घुमतो. लेकीला सांगा, ॲम्पवरचा खालच्या सुरांचा खटका क्लबच्या खोलीत ठेवते त्यापेक्षा कमी ठेव. आणि गिटारवाल्याने ॲम्प स्वतःच्या कानाकडे तिरका करावा, म्हणजे तो आवाज वाढवत बसत नाही. गाणारीचा आवाज बुडतो तो बहुतेक वेळा गिटारमुळे.

---

रात्रपाळी | १६ जून, रात्री १२:४०

मला एक वेगळं म्हणायचंय. सोपं ते घ्या, सोपं ते घ्या, असं करत गेलो तर मुलांना ज्यासाठी बँड काढावासा वाटला तेच हातातून जाईल. शेवटचं वर्ष आहे. एक तरी गाणं असं हवं की ज्यासाठी लेक सहा महिने जागली.

'बोच्ची द रॉक' बघितलंय का कुणी? शाळकरी मुलींच्या बँडचं ॲनिमे, २०२२ चं. त्यातल्या चौघींची आडनावं गोतो, इजिची, यामादा, किता, म्हणजे थेट एशियन कुंग-फू जनरेशनच्या चौघांची. शेवटच्या भागात बुन्कासाइला 'सेइझा नी नारेतारा' वाजवताना बोच्चीच्या गिटारची तार तुटते. सोलो तोंडावर आलेला. तेवढ्यात किता स्वतःच्या गिटारवर वेळ मारून नेते, आणि बोच्ची खाली पडलेला साकेचा (जपानी दारूचा) पेला तारांवर घासत सोलो पूर्ण करते. तो प्रसंग मी किती वेळा पाहिला असेन! त्या मुलांनी सोपं काही निवडलं नव्हतं.

---

तबलजी | १६ जून, सकाळी ७:१०

रात्रपाळी, तुमचा मुद्दा मला मान्य आहे. मी 'वाजवू नका' म्हणत नाहीये. आत्ता मूळ लयीत वाजवू नका म्हणतोय.

सप्टेंबरपर्यंत अडीच महिने आहेत. 'हारुका कानाता' मूळ लयीच्या सत्तर टक्क्यांवर सुरू करा, मेट्रोनोम (टकटक करत लय दाखवणारं यंत्र) लावून. भराव्याच्या (ठेक्यामधल्या जादा करामतींच्या) सगळ्या जागा काढून टाका. पायाचा ड्रम पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर, स्नेअर (समोरचा कडक आवाजाचा ड्रम) दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, बस्स. हे हाडात मुरलं की दर आठवड्याला थोडीथोडी लय वाढवायची. जिथे मनगट आखडायला लागेल तिथे थांबायचं, आणि तीच तुमची लय. मूळच्या नव्वद टक्क्यांवर पण घट्ट वाजलं, तर ऐकणाऱ्याला फरक कळत नाही. सैल वाजलं तर मात्र लगेच कळतो.

लेकीसाठी: ड्रमच्या अगदी शेजारी उभं राहायचं आणि तिच्या उजव्या पायाकडे बघायचं. बास आणि तो पाय एकत्र पडले की समोर बसलेल्याच्या छातीत लागतं. नवशिक्या ड्रमरला त्याचा फार आधार वाटतो.

---

सप्तक | १६ जून, सकाळी १०:३०

आणि 'हारुका कानाता' पुरुषाच्या आवाजातलं आहे. मुलीने ते त्याच पट्टीत म्हटलं तर खाली खाली, दबलेलं वाटेल. गिटारवाला मुलगा गातो का? त्याने म्हटलं तर गाणारीला एक गाणं विश्रांती मिळते, पट्टी बदलावी लागत नाही आणि 'गॉड नोज' सोडण्याबद्दल त्यालाही काहीतरी मिळतं.

---

मोगरा | १६ जून, दुपारी ४:००

वाचतेय. शेवटचं वर्ष असेल तर 'सीक्रेट बेस' घ्या ना. झोन या मुलींच्या बँडचं, ऑगस्ट २००१ चं. उन्हाळा संपतोय, मित्र दूर चाललाय, दहा वर्षांनी ऑगस्टमध्ये पुन्हा भेटू असं गाण्यात म्हटलंय. आणि बरोबर दहा वर्षांनी, २०११ मध्ये, 'आनोहाना' या ॲनिमेच्या शेवटी ते पुन्हा आलं, त्यातल्या तिघी कलाकारांच्या आवाजात. संथ आहे, कीबोर्डला काम आहे, ड्रम सोपे आहेत. समोर बसलेल्या आयांनाही मूळ गाणं ठाऊक असेल, त्यांच्या तरुणपणातलं आहे.

---

एदोगावाकाठी | २१ जुलै, रात्री ८:४५

इतके दिवस गप्प होते, माफ करा. सुट्टी सुरू झाली आणि आता गाणी ठरली.

पहिलं 'ब्लू बर्ड', कीबोर्डवाली सूर देणार. दुसरं 'हारुका कानाता', गिटारवाला गाणार. शेवटचं 'सीक्रेट बेस'.

सप्तक, तुमची सूचना लेकीने क्लबमध्ये मांडली तेव्हा गिटारवाला बराच वेळ काही बोलला नाही म्हणे. मग म्हणाला, "मी कधी कुणासमोर गायलो नाहीये." आता रोज नदीच्या बांधावर जाऊन म्हणतो. गाणाऱ्या मुलीने 'आयडॉल' सोडलं ते 'सीक्रेट बेस' ऐकल्यावर. पुढच्या वर्षी ती सेंदाईला शिकायला जाणार आहे. मोगरा, ते गाणं तिने स्वतःच शेवटी ठेवलं.

ड्रमवालीच्या घरी ड्रम नाही, कुणाच्याच नसतो इथे. ती उशीवर रबरी पॅड ठेवून सराव करते. आमच्याकडे दोन दिवस राहायला आली होती. लेक हेडफोन लावून बास वाजवत होती, ही पॅडवर, आणि खोलीत फक्त टप टप टप आणि तारांची खरखर. मी पोहे घेऊन आत गेले तर दोघींनी मानही वर केली नाही. आता मूळच्या पंच्याऐंशी टक्क्यांवर पोचल्यात.

---

निशिगंध | २२ जुलै, सकाळी ६:५५

गाण्यांचा क्रमही छान लागलाय. फक्त पहिल्या गाण्याला सगळ्यांचे हात गार असतात, म्हणून स्टेजमागे पाच मिनिटं पॅडवर हात सोडवून घ्या. आणि एक जादा गिटार, जादा तारा, जादा काड्या जवळ ठेवा. साकेचा पेला शाळेत मिळायचा नाही.

---

एदोगावाकाठी | १७ सप्टेंबर, रात्री ११:३०

झालं. शनिवारी दुपारी.

जिममध्ये इतकं उकडत होतं की पुढे बसलेली आजी हातपंख्याने शेजारच्यालाही वारा घालत होती. 'ब्लू बर्ड'चा सूर बरोबर लागला. कीबोर्डवालीने तो इतका हळू दाबला की मलाही ऐकू आला नाही, पण गाणारीच्या मानेची हलकी हालचाल दिसली आणि निशिगंध, तुमची आठवण झाली.

मग लेक पुढे आली. बास एकटा सुरू झाला. खालचे सूर कमी केलेत म्हणून प्रत्येक स्वर सुटा ऐकू येत होता. मागे शाळेची मुलं उभी होती, त्यातला एक "नारुतो!" असं ओरडला आणि मग सगळेच उठले. ड्रमवालीने लय वाढवली, तबलजी, तुम्ही म्हणालात तसंच. दुसऱ्या कडव्यात तर फारच. लेक मागे वळली, तिच्या पायाकडे बघत वाजवत राहिली, आणि कोरसपर्यंत दोघी पुन्हा जुळल्या. गिटारवाल्याचा आवाज वरच्या जागी फाटला, तरी तो गातच राहिला.

'सीक्रेट बेस'ला माझ्या शेजारची आई पहिल्या ओळीपासून हळूच गात होती. शेवटच्या कोरसला गाणाऱ्या मुलीने माइक खाली केला, तिला गाता येईना. तेव्हा ड्रमवाली सोडून बाकी तिघांनी म्हटलं, आणि मग जिममधल्यांनी.

आज लेकीने बासच्या तारा पुसल्या, पिशवीत ठेवून चेन लावली आणि परीक्षेची पुस्तकं टेबलावर काढली. तुम्हा सगळ्यांना तिने 'आरिगातो' सांगायला सांगितलंय.

---

रात्रपाळी | १८ सप्टेंबर, रात्री १:१०

ताई, रात्रपाळीला ऑफिसात बसून वाचतोय. "नारुतो!" ओरडलेल्या त्या मुलाला माझ्यातर्फे एक याकिसोबा.

---

तबलजी | १८ सप्टेंबर, सकाळी ७:३०

दुसऱ्या कडव्यात लय सुटूनही कोरसला जुळणं ही पहिल्या वर्षाच्या मुलीसाठी खूप मोठी गोष्ट आहे. तिला आवर्जून सांगा.

---

पावसाळी | २ ऑक्टोबर, दुपारी ३:२०

उशिरा वाचला धागा. माझा भाचा फुकुओकात आहे, त्याची बुन्कासाइ नोव्हेंबरात आहे. त्यांना 'सीक्रेट बेस' घ्यायचंय. स्वरलिपीचं पुस्तक घेताना काय बघायचं?

---

एदोगावाकाठी | २ ऑक्टोबर, रात्री ९:०५

आमच्या ड्रमवालीला विचारून सांगते. दुकानात 'बँड स्कोअर' म्हणून मागा, नुसतं पियानोचं नको, म्हणजे ड्रम आणि बासच्या ओळी वेगळ्या मिळतात. झोनच्या मूळ गाण्याचं आहे की आनोहानातलं, ते मुखपृष्ठावर बघून घ्या, मांडणी वेगळी आहे. मुलांनी घेतलं ते मूळ गाण्याचं. आणि भाच्याच्या बँडमध्ये ड्रमवर कोण आहे, किती दिवस शिकतंय?

---

पावसाळी | २ ऑक्टोबर, रात्री ९:४०

भाचाच. ऑगस्टपासून.

---

तबलजी | ३ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

मग आजपासूनच सत्तर टक्के आणि मेट्रोनोम. घरी पॅड आहे का त्याच्याकडे?